ओवीचे स्थलांतर
१९०६ साली सरकारने खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करून जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी ठरविली, तेव्हा मुलुखाचे दप्तर विभागले गेले. परंतु त्या मुलुखातील स्त्रिया पहाटे जात्यावर जे गात, त्याची नोंद कोणत्याच दप्तरात नव्हती. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची बाडे मठामठांतून मिळवून जतन केली, आणि १९२६च्या अखेरीस इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे निवर्तल्यावर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तेथेच उभे राहिले. या कार्याचे ऋण मोठेच आहे; तथापि जीर्ण कागदाविषयी इतकी आस्था असलेल्या त्या काळात घरोघरचे जिवंत वाङ्मय, केवळ ते कागदावर नव्हते म्हणून, बहुतांशी अलिखितच राहिले, याची मला खंत वाटते.

आसोद्यास जन्मलेल्या व जळगावास नांदलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. दळताकांडताना, शेतात राबताना त्यांना जे स्फुरे ते त्या गात. चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातले जेवढे टिपून ठेवले, तेवढेच आज आपल्या हाती आहे. बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने व प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. मुद्रणाने शब्द तारले, मात्र त्यांना गती देणारी जात्याची घरघर आणि गाणारीचा कंठ ही दोन्ही मागेच राहिली. शिवाय श्वासागणिक, प्रसंगागणिक पालटण्याची मुभा असलेल्या ओवीला एकच कायम पाठ प्राप्त झाला.

पुढे ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटाने आणि त्यानंतर आकाशवाणी व ध्वनिफिती यांनी त्या शब्दांना पुन्हा नाद दिला. निरक्षर श्रोत्यालाही त्यामुळे बहिणाबाई लाभल्या, हा उपकार लहान नव्हे. पण ती चाल संगीतकाराची, सूर गायिकेचा, आणि ऐकणाऱ्या बाईला आपले कडवे मध्ये घालण्याची सोय तेथे नव्हती.

आता आखाजी व कानबाई या सणांची अहिराणी बोलीतील गाणी भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित होऊन गावोगाव फिरतात. यंत्र प्रथमच गाणारीच्या स्वतःच्या हाती आले आहे. मात्र गाणे कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगी आणि कोणाकडून आलेले, हे बहुधा कोणी लिहून ठेवीत नाही. बाडावर लेखनस्थळ व लेखनकाल नोंदविण्याची जी शिस्त जुन्या लेखकूंनी पाळली, तीच या ध्वनिमुद्रणांना लावून, गाणारणींच्या संमतीने, त्यांचा संग्रह धुळे-जळगावच्या ग्रंथालयांनी आजच आरंभावा.