पहिला वार कुणाचा?

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत दिवसपाळी करून संध्याकाळी एम. ए.च्या तासाला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने सभासद बखर शिकवताना आम्हांला विचारले, "सर, पहिला वार कुणी केला यानं काय फरक पडतो? खान मारायलाच आला होता ना?" प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पुण्यात १८९७ साली तो जवळजवळ याच शब्दांत उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर छापणाऱ्याला तुरुंगात जावे लागले होते.

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याची भेट. सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांसाठी १६९४ ते १६९७ च्या दरम्यान बखर लिहिली. तीत खान महाराजांची मान काखेत दाबतो, जमदाड चालवतो, ती चिलखतावर खरखरते, आणि मग वाघनखे आणि बिचवा पुढे येतात. परमानंदाच्या 'शिवभारता'त शस्त्रांचे तपशील निराळे आहेत. क्रम मात्र हाच. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात तो उलटतो. तिथे आलिंगन देतानाच वाघनखे खानाच्या पोटात शिरतात आणि खानाचा हात तलवारीकडे जातो तो त्यानंतर. सगळा वाद दोन क्रियापदांच्या क्रमाचा आहे! पण त्या क्रमावरच एका कथनाला 'स्वसंरक्षण' आणि दुसऱ्याला 'विश्वासघात' हे नाव मिळते. (आपण रूढ केलेला 'वध' हा शब्द या पेचातून अलगद निसटतो. दैत्याचा 'वध' होतो, तिथे आधी कुणी मारले हे कुणी विचारीत नाही.)

१८९७ च्या जूनमध्ये पुण्यातील शिवराज्याभिषेकोत्सवात प्रा. भानू यांनी महाराजांवरील खुनाच्या आरोपाचे खंडन केले. अध्यक्षपदावरून बोलताना टिळकांनी वेगळीच वाट धरली. पहिला वार कुणाचा याचे संशोधन कशाला, कट महाराजांनीच आधी रचला असे धरून चालू, असे त्यांचे म्हणणे. मग कसोटी कोणती? हेतू. निष्काम बुद्धीने, लोकहितासाठी केलेल्या कृत्याचा दोष लागत नाही हे गीतेचे सूत्र. दंडसंहितेच्या चौकटीत राहून ते कळायचे नाही. दाखलाही त्यांनी दिला: घरात चोर शिरले आणि त्यांना हाकलण्याचे बळ आपल्या मनगटात नसेल, तर बाहेरून कोंडून त्यांना जाळावे.

हा दाखला नीट वाचावा. त्याची सुरुवात स्वसंरक्षणात होते. कडी लागते तिथे स्वसंरक्षण संपते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलमे ९६ ते १०६ (आता भारतीय न्याय संहितेतील ३४ ते ४४) खासगी संरक्षणाचा हक्क देतात, प्रसंगी जीव घेण्याचाही. पहिला वार झेललाच पाहिजे अशी त्यांची अट नाही. मृत्यूची वाजवी भीती पुरते. पण गरजेपेक्षा अधिक इजा त्यांना मान्य नाही. म्हणजे टिळकांनी स्वसंरक्षणाचा बचाव अधिक बळकट केला नाही, तो सोडून दिला. आमच्या मते पाठ्यपुस्तकी मांडणीची गल्लत इथेच होते. ती भानूंचा आणि टिळकांचा युक्तिवाद एकाच दमात सांगते.

भाषणाचा वृत्तान्त १५ जूनच्या 'केसरी'त आला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. न्या. स्ट्रेची यांच्यापुढे सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी ज्यूरर निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका भेटीचे वाचन राजद्रोहाचा पुरावा ठरले.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा उत्तरार्ध. खान मारायलाच आला होता का? राजापूरच्या इंग्रज वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन याचे १० डिसेंबर १६५९ चे पत्र घटनेनंतर बरोबर महिन्याने लिहिलेले आहे. वखारवाल्याला बखरीची भक्ती नाही, दरबाराचा दबाव नाही. तो लिहितो की शिवाजीपुढे आपले बळ पुरणार नाही हे जाणून विजापूरच्या राणीने खानाला मैत्रीचे सोंग करण्याचा सल्ला दिला होता. आणि समोरच्यानेही, खबर लागल्याने की संशयाने हे ठाऊक नाही, तसेच सोंग केले. या पत्राचा आणि शिऱ्याच्या कस्तुरीरंग राजाला खानाने भेटीतच मारल्याच्या वृत्ताचा आधार घेऊन जदुनाथ सरकारांनी १९१९ मध्ये डफचा निष्कर्ष बाजूला सारला. आम्हांला त्या पत्रातले 'खबर की संशय' फार मोलाचे वाटते. कायद्याला 'वाजवी भीती' म्हणून जे तपासायचे असते, ते नेमके हेच. आणि अंगरख्याखालचे चिलखत? ते कटाचे चिन्ह मानायचे की भीतीचे, हेही त्याच शब्दांवर ठरते. दोन्ही बाजूंना दाद मागायला तिसरी सत्ता नव्हती, ही गोष्ट मात्र कुठल्याच कलमात बसत नाही.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आली. ती महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतः सांगते. विलायतेत ती नेली होती साताऱ्याच्या रेसिडेंटने, म्हणजे ग्रँट डफनेच. पुढच्या तासाला आम्ही त्याच्या इतिहासातले ते पान आणि सभासदाचे पान शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहोत.