नोंदवहीतले नाव

ग्रंथालयात पुस्तक असणे आणि ते वाचकाला सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे नोंद असते. ती कोणी केली, कोणत्या विषयाखाली केली, हा प्रश्न आपल्या चळवळीने फारसा विचारलेला नाही.

आपल्याकडे ग्रंथालयांची पद्धतशीर उभारणी प्रथम बडोद्यात झाली. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावले. त्याने वर्गीकरण बसवले, वर्ग काढून विद्यार्थी तयार केले. त्याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. १९१७ साली नोकरीसाठी ते बडोद्यास आले तेव्हा पुस्तके फुकट वाचावयास देणाऱ्या त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. ग्रंथालयाच्या इतिहासात हा भाग सहसा सांगत नाहीत.

आपली बहुतेक महाविद्यालये ड्यूईची १८७६ सालची दशांश पद्धती वापरतात. तिच्यात धर्माला २०० चा वर्ग. त्यातले २२० ते २८० ख्रिस्ती धर्मासाठी. उरलेल्या जगाचे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. हिंदू धर्म २९४.५, बौद्ध २९४.३.

मी भवानीनगरास राहतो. माझे विद्यार्थी साखर कारखान्याच्या वसाहतीतले, नीरा डाव्या कालव्याकाठच्या गावांतले. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणाला हात लावायचे विद्यार्थिदशेत मला धाडस नव्हते. आज 'कमवा व शिका' योजनेतली पोरे आमची जुनी दाखलनोंदवही संगणकावर उतरवतात, जीर्ण अंक स्कॅन करतात. पूर्वी याच योजनेत पोरांनी धूळ झटकायची आणि पुस्तकांना चिठ्ठ्या डकवायच्या, एवढेच काम असे.

हे काम करताना एका मुलीने विचारले, "सर, हे इकडं कसं काय?" बाबासाहेबांचा बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथ, १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेला, आमच्या वहीत २९४.५ खाली होता. कोणी मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही. सवयीने झाले असेल. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी जे अंतर तोडले, ते एका कारकुनी आकड्याने पुसले होते. पोरांनी तो आकडा रीतसर बदलून घेतला. अण्णा भाऊ साठे तीन ठिकाणी निघाले: 'साठे', 'अण्णाभाऊ' आणि 'शाहीर'. संगणकाला ही तीन माणसे वाटतात. तीही नोंद पोरांनीच एक केली. हाताला काम आणि डोक्याला मज्जाव, हा जुना करार येथे मोडतो, म्हणून मला या कामाचे महत्त्व वाटते.

खरा पेच पुढे आहे. स्कॅनिंग 'दुर्मीळ ग्रंथां'चे करायचे, आणि ग्रंथ म्हणजे ज्याला दाखल क्रमांक आहे तो. पोरे घरून आणतात त्या जलशांच्या वह्या, धम्मपरिषदांच्या स्मरणिका, वंदनेच्या पुस्तिका यांना क्रमांक कुठला? 'मूकनायक' १९२० चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा. १९९० साली शासनाने ते पुन्हा छापले ते कोणीतरी अंक जपले होते म्हणून. तालुक्यातल्या जलशाच्या वहीला असा वाली नसतो. एक पाऊस पुरतो.

तेव्हा आम्ही वेगळी वही घातली आहे. रकाने कोणते असावेत यावर पोरांचा वाद अजून चालू आहे. मुद्रकाचे नाव नसेल तेथे गाणाऱ्याचे लिहावे, असे त्या मुलीचे म्हणणे आहे. मला ते पटते.