वस्तू घ्या, बंदूक फुकट!

चहाच्या मोठ्या पुड्यावर स्टीलची वाटी, साबणाच्या तीन वड्यांवर चौथी मोफत, दिवाळीच्या खरेदीवर भिंतीवरचं कॅलेंडर. भंडारा, तुमसर, साकोलीच्या बाजारात अशा भेटवस्तू सर्वांच्याच ओळखीच्या आहेत. पण एखाद्या दुकानावर ‘मोटार घ्या, बंदूक मोफत’ अशी पाटी लागली तर? आपल्याकडे लोक थट्टा समजून हसतील. अमेरिकेत मात्र असं खरोखर घडलं आहे, आणि त्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

मिशिगन राज्यातल्या प्लिमथ या छोट्या गावात 1882 साली पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी निघाली. विहिरीचं पाणी उपसायला शेतकरी या लोखंडी पवनचक्क्या घेत. पण धंदा म्हणावा तसा चालेना. त्या दशकाच्या अखेरीस कंपनीतल्या क्लॅरेन्स हॅमिल्टन यांनी धातूची एक हवेची बंदूक तयार केली. व्यवस्थापक लुईस हफ यांनी ती झाडून पाहिली आणि खूश होऊन ‘डेझी’ असा उद्गार काढला, असं सांगतात. फुलाचं हे नाव तेव्हाच्या बोलीत ‘एकदम झकास’ या अर्थानं वापरत. मग कंपनीनं ठरवलं की, जो शेतकरी पवनचक्की घेईल त्याला ही बंदूक भेट द्यायची.

पुढं गंमत झाली. लोकांना पवनचक्कीपेक्षा बंदूकच हवीशी वाटू लागली. कंपनीनं पवनचक्क्या सोडल्या आणि 1895 साली स्वतःचं नावच ‘डेझी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ करून टाकलं. छर्‍याची बंदूक म्हणजे काही रायफल नव्हे, पण अमेरिकेतल्या पोरांच्या कित्येक पिढ्यांचा नेम याच बंदुकीवर बसला.

याच मिशिगनमधल्या एका बँकेनं पुढं मुदत ठेवीवर खरीखुरी रायफल देऊ केली. मायकेल मूर यांच्या 2002 सालच्या ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ या माहितीपटामुळं ती योजना जगभर माहीत झाली. 2008 साली मिसुरी राज्यातल्या एका मोटारविक्रेत्यानं गाडीबरोबर पेट्रोल घ्या किंवा पिस्तूल घ्या, असा पर्याय ठेवला. बहुतेक सर्वांनी पिस्तूलच मागितलं, असं त्यानं वार्ताहरांना सांगितलं. 2011 साली मोंटाना राज्यातल्या एका दुकानाची डिश अँटेनावर बंदूक देण्याची योजना गाजली. ग्राहकाची पूर्वपीठिका तपासूनच बंदूक हाती पडे. पण ती भेट म्हणून देण्यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही. तिथं बंदूक ही वाटीसारखीच घरातली वस्तू ठरली होती.

आपल्याकडे हे का झालं नाही? आपण स्वभावानंच सौम्य आहोत, असं उत्तर द्यायला बरं वाटतं. पण खरं कारण कायद्यात आहे. 1857 च्या उठावाचा धसका घेतलेल्या इंग्रज सरकारनं 1878 साली शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, युरोपीयांना मात्र सूट मिळाली. हा अपमान लोकांना झोंबला आणि काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर 1959 च्या कायद्यानं गोर्‍याकाळ्याचा भेद काढला, पण परवाना ठेवला. परवाना नसलेल्याला बंदूक विकता येत नाही, तशी फुकटही देता येत नाही.

म्हणून आपल्याकडे दुर्मीळ झाला तो परवाना, आणि आमिषही त्याचंच दाखवलं गेलं. 2008 साली शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनानं नसबंदी करून घेणार्‍यांना बंदुकीचा परवाना झटपट देण्याची योजना काढली होती. तिथं गिर्‍हाईक ओढणारं दुकान म्हणजे खुद्द सरकार!

भंडारा जिल्ह्यात बंदुकीची गरज कुणालाच नाही, असं नाही. धानाच्या बांधीत रानडुकरांचा कळप शिरला की महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते. हे ओळखूनच 1959 च्या कायद्यात पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद केली गेली. शेतकर्‍याला बंदूक हवी असेल, तर ती का हवी हे सांगावं लागतं. दुकानातल्या भेटवस्तूला असा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा फरक इथंच आहे.

आणि ‘फुकट’ या शब्दाबद्दल बोलायचं तर भंडार्‍याजवळच जवाहरनगर आहे. तिथला आयुध निर्माणी कारखाना 1964 पासून गोळी आणि तोफगोळा पुढं ढकलणारी दारू बनवतो. 24 जानेवारी 2025 रोजी तिथं स्फोट झाला, छत कोसळलं आणि आठ कामगार गेले. सकाळी कामावर निघालेली ती माणसं संध्याकाळी घरी परतली नाहीत. बंदूक कुठं फुकट मिळते असं ऐकलं की इतर गावांना नुसतं नवल वाटेल. भंडारेकरांना मात्र बंदुकीच्या दारूची किंमत कोण मोजतं, हे ठाऊक आहे.