शिळाछाप, खिळाछाप आणि विजेचा ग्रंथ

मराठी ग्रंथमुद्रणाचा इतिहास सांगतांना आमचे लेखक छापखान्याच्या यंत्राचें कौतुक फार करितात. त्या यंत्राखालीं अक्षर कोणत्या रूपानें गेलें याची विचारपूस क्वचितच होते. वस्तुतः भेद तेथेंच आहे. १८०५ सालीं श्रीरामपुरास विल्यम केरी याचें मराठी व्याकरण निघालें तें सुट्या खिळ्यांनीं जुळविलेलें होतें. उलट मुंबईस गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं पंचांग काढलें तें शिळाछापाचें. खिळ्यांचें अक्षर सोडवून पुनः दुसऱ्या शब्दांत बसवितां येतें. शिळेवरचें पान चित्रासारखें असतें. लिहिणाराच्या हाताची ढब त्यांत उतरते, पण एक ओळ पुढें सरकवावयाची झाली तरी सारें पान पुनः लिहावें लागतें. हा जुना भेद येथें उकरून काढण्याचें कारण असें कीं, विजेच्या पडद्यावर मराठी वाचूं पाहणारास आज जी अडचण पडते ती नेमकी हीच आहे. आणि कोणतें यंत्र घ्यावें या नित्य विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचें उत्तरही बव्हंशीं याच भेदांत आहे.

विजेच्या ग्रंथाचा आरंभ कोणत्याही दुकानांत झाला नाहीं. ४ जुलै १९७१ रोजीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मायकेल हार्ट या तरुण विद्यार्थ्यानें आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेथील मोठ्या संगणकावर टंकून ठेविला. त्या यंत्रांत इंग्रजीचीं लहान अक्षरें नव्हतीं, म्हणून सारा मजकूर मोठ्या अक्षरांत गेला. दिसावयास तो ओबडधोबड. पण ते खिळे होते, शिळा नव्हती. पुढील कोणत्याही यंत्रावर तो उघडतां येई, शोधतां येई, हवा तेवढा मोठा करून वाचतां येई. त्यांतूनच प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा उद्योग उभा राहिला आणि २०११ सालीं देह ठेवीपर्यंत हार्टनें तो सोडला नाहीं. या विषयावर लिहिणारे लोक मोठ्या कंपन्यांचीं नांवें घेतात व या माणसास एका ओळींत आटोपतात, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

मध्यंतरीं अनेक यंत्रें निघालीं आणि बुडालीं. सोनी कंपनीनें १९९० सालीं जपानांत लहानशी तबकडी घालून वाचावयाचें ‘डेटा डिस्कमन’ काढलें; १९९८ सालीं अमेरिकेंत ‘रॉकेट ई-बुक’ व ‘सॉफ्टबुक’ हीं दोन आलीं. द्रवस्फटिकांचा पडदा डोळ्यांस शिणविणारा, ग्रंथसंग्रह तुटपुंजा, किंमत भारी. रॉकेटचा वारसा चालविणाऱ्या कंपनीनें २००३ सालीं या धंद्यांतून अंग काढून घेतलें.

खरा पालट केला तो शाईनें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जोसेफ जेकबसन व त्याचे विद्यार्थी यांच्या प्रयोगांतून १९९७ सालीं ई इंक नांवाची कंपनी निघाली. तिच्या पडद्यांत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपींत स्वच्छ द्रव, आणि त्यांत तरंगणारे पांढरे व काळे कण. पांढऱ्यांवर धन विद्युद्भार, काळ्यांवर ऋण. ज्या जागीं जसा भार द्यावा त्याप्रमाणें एका रंगाचे कण वर येतात व दुसऱ्या रंगाचे तळीं जातात. एकदां जागीं बसलेले कण वीज काढून घेतली तरी हलत नाहींत. म्हणून या यंत्रास वीज लागते ती मुख्यतः पान उलटतांना, आणि एकदां भरलेली बॅटरी कित्येक दिवस पुरते. अक्षर स्वतः प्रकाशत नाहीं. कागदाप्रमाणें बाहेरच्या उजेडानें दिसतें. उन्हांत ओटीवर बसून वाचावें तर टॅब्लेटची कांच आरशासारखी चकाकते, आणि हें पान मात्र अधिकच स्पष्ट होतें. रात्रीसाठीं पानावर बाजूनें उजेड सोडण्याची सोय पुढें झाली.

अशा पडद्याचें पहिलें वाचनयंत्र, ‘लिब्रिये’, सोनीनेंच २००४ सालीं जपानांत विकावयास काढलें. यंत्र सुरेख होतें. पण त्यावरील ग्रंथ ६० दिवसांनंतर आपोआप उघडेनासे होत. विकत घेतलेल्या ग्रंथास मुदत असावी हें जपानी वाचकांस रुचलें नाहीं, यांत नवल तें काय? १९ नोव्हेंबर २००७ रोजीं ॲमेझॉननें ‘किंडल’ ३९९ डॉलरांस विक्रीस आणलें, तें साडेपांच तासांत संपलें. यश केवळ पडद्याचें नव्हतें. यंत्रांतूनच, तार न जोडतां, बसल्या जागीं ग्रंथ मागवितां येऊं लागला, हें त्याचें मर्म. २०१० सालीं ॲपलचा ‘आयपॅड’ आला व टॅब्लेटांचा सुकाळ झाला.

नव्या वाचनास नाकें मुरडणारे तेव्हांही होते, आजही आहेत. कागदाचा वास नाहीं, पान बोटांस लागत नाहीं, अशी त्यांची तक्रार. आमच्याकडे छापील कागदही एके काळीं सोवळ्यांत चालत नसे. शाईंत चरबी असल्याचा संशय होता, म्हणून तुपाची शाई करून धर्मग्रंथ छापल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. वासाच्या तक्रारींत आम्ही फारसे शिरत नाहीं.

आतां मराठीकडे वळूं. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतांत देवनागरी १९९१ सालींच आली. मराठीस लागणारें ‘ॲ’ हें अक्षर मात्र त्यांत २००८ सालीं स्वतंत्रपणें दाखल झालें. परंतु आमचे प्रकाशक व मुद्रक त्यानंतरही कित्येक वर्षें आपापल्या फाँटांच्या खासगी संकेतांत मजकूर जुळवीत राहिले. तेथें ‘क’ च्या जागीं यंत्रास दुसरेंच कांहीं चिन्ह दिसे. फाँट बदलला कीं सुंदर गद्याचें कडबोळें होई. म्हणून सुरक्षित मार्ग तो पीडीएफचा. १९९३ सालीं निघालेल्या या प्रकारांत पान जसें रचलें तसेंच राहतें. जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती, ज्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियासारख्या उपक्रमांमुळें व इंटरनेट अर्काइव्हमुळें घरबसल्या मिळूं लागल्या, त्या तर पानांच्या छायाचित्रांच्याच. उपकार मोठा, पण ती शिळाछाप आहे.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध शिक्षक आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर जुळेना, तेव्हां मुलानें त्यांस ६ इंची ई-रीडर आणून दिला. (हें माप पडद्याच्या कर्णाचें असतें, पान त्याहून पुष्कळच अरुंद.) त्यांस वाचावयाचें होतें गेल्या शतकाच्या पूर्वार्धांतील मराठी गद्य. तें मिळालें, पण स्कॅनच्या रूपानें. डेमी आकाराचें पान त्या चिमुकल्या पडद्यावर बसविलें कीं अक्षर मुंगीएवढें. मोठें करावें तर प्रत्येक ओळीस पान डावीउजवीकडे ओढावें लागे. आठ दिवसांनीं यंत्र कपाटांत गेलें, आणि मास्तर म्हणूं लागले कीं आपलें वाचन आतां संपलें. दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता, आणि खरें पाहतां यंत्राचाही नव्हता. त्याच यंत्रावर युनिकोडांत जुळविलेली कादंबरी उघडली असती तर अक्षर दुप्पट करतांच ओळी आपोआप नव्यानें मांडल्या गेल्या असत्या. ईपब हा तशा मांडणीचा सर्वमान्य प्रकार २००७ सालीं ठरला, आणि किंडलवर मराठी ग्रंथांची विक्री डिसेंबर २०१६ मध्यें सुरू झाली. म्हणून आमचें मत असें: नव्या, सुट्या अक्षरांच्या ग्रंथांसाठीं शाईच्या पडद्याचें लहान यंत्र उत्तम, स्कॅन व पीडीएफ यांसाठीं १० इंचांचा टॅब्लेट किंवा तेवढ्याच मोठ्या पडद्याचा ई-रीडर. बहुतेक मराठी वाचक प्रत्यक्षांत वाचतात तें हातांतल्या मोबाइलवर. त्यास हंसण्याचें कारण नाहीं, परंतु तेथें तर खिळाछापाचीच जरुरी सर्वांत अधिक आहे. घेण्यापूर्वीं एक मराठी पान उघडून ‘ल’ आणि ‘श’ पाहावे. कित्येक यंत्रांत ते हिंदी वळणाचे असतात. वाचतां येतात, पण शेजारच्या घरीं जेवल्यासारखें वाटतें.

दुसरी गोष्ट मालकीची. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉननें हक्कांच्या घोटाळ्यामुळें जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलांवरून दुरून पुसून टाकल्या. त्यांतील एक ‘१९८४’ असावी हा योग कोणा नाटककारासही सुचला नसता. पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखानें क्षमाही मागितली. पण एका विद्यार्थ्यानें अभ्यासासाठीं केलेल्या टिपा निराधार झाल्या, आणि तो न्यायालयांत गेला. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें पुस्तकांचें दुकान बंद केलें, तेव्हां विकलेले सर्व ग्रंथ वाचकांच्या हातून गेले. तेथेंही पैसे परत. फेब्रुवारी २०२५ मध्यें किंडलचे ग्रंथ संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोय ॲमेझॉननें काढून टाकली. तात्पर्य, आपण विकत घेतों तो ग्रंथ नव्हे, वाचनाचा परवाना. कॅलिफोर्निया संस्थानानें तर १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांस तसें स्पष्ट सांगणें भाग पाडलें आहे. बुकगंगेसारखें मराठी ॲप असो वा परकी दुकान, आपला ग्रंथ त्या दुकानाबाहेर उघडतो कीं नाहीं हें विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत.

त्या शिक्षकांस पुढें मोठा टॅब्लेट मिळाला आणि कपाटांतला ई-रीडर नातीकडे गेला. आतां ते मराठी विकिस्रोतावर रोज दोन पानें तपासतात. उजवीकडे जुन्या पानाचें चित्र, डावीकडे यंत्रानें त्यावरून ओळखलेलीं युनिकोड अक्षरें. चुकलें तें हातानें सुधारावयाचें. यंत्र मराठींतल्या ‘ऱ्या’ पाशीं हटकून अडखळतें, असें ते सांगतात. सह्याद्रीच्या साऱ्या दऱ्यांचा त्यानें दर्या करून ठेविलेला असतो.