मांडीवरचा पंखा

लॅपटॉप का बदललास, असं कुणालाही विचारा. दोन तक्रारी जोडीनंच ऐकू येतात. बॅटरी बॅकअप उरला नव्हता आणि पंखा सारखा घरघरत होता. सांगणारा मात्र त्या दोन म्हणून सांगतो. बॅटरी बदलून पाहिलेली असते, पंखा साफ करून घेतलेला असतो, आणि चार-सहा महिन्यांत परत मूळपदावर. खरं तर तक्रार एकच आहे. बॅटरीतून निघालेली वीज, पडद्याचा थोडासा उजेड वगळला तर, जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखा जितका जोरात, तितकी वीज चाललेली. म्हणून पंख्याचं कूळ शोधायला निघालं की बॅटरीचं आपसूक हाती लागतं.

या घराण्यात सुरुवातीला ना पंखा होता ना बॅटरी. ‘ऑस्बर्न १’ हा १९८१ सालचा, बाजारात खऱ्या अर्थानं खपलेला पहिला फिरता संगणक. वजन ११ किलोंच्या आसपास, पडदा पाच इंची. त्याचा कर्ता ॲडम ऑस्बर्न लहानाचा मोठा झाला तो तिरुवण्णामलैत. रमण महर्षींवर पुस्तकं लिहिणारे आर्थर ऑस्बर्न हे त्याचे वडील. पुढे कंपनी बुडाली, अखेरची वर्षं त्यानं कोडाईकनालला काढली आणि २००३ मध्ये तिथंच गेला. त्याच्या यंत्राच्या मूळ रूपात बॅटरी नव्हती. मूठ धरून उचलायचं, दुसऱ्या गावी न्यायचं आणि पोचल्यावर आधी प्लग शोधायचा.

पुढच्याच वर्षी ‘ग्रिड कंपास’ आला. पडदा मिटून कीबोर्डावर टेकवायची आजची घडी बिल मॉग्रिज या डिझायनरनं याच यंत्रात बसवली. अंग मॅग्नेशियमचं, किंमत ८,१५० डॉलर, आणि बॅटरी यालाही नाही. आतली उष्णता धातूच्या अंगावाटे बाहेर जाई आणि तिथून हवा ती घेऊन जाई. नासानं हे यंत्र १९८३ पासून स्पेस शटलमध्ये न्यायला सुरुवात केली, तेव्हा एक अडचण आली. गरम हवा वर जाते, हे जमिनीवरचं शास्त्र. वजनच नाही तिथं वर काय आणि खाली काय! तापलेली हवा यंत्राला चिकटून तिथंच राहणार. म्हणून अंतराळात जाणाऱ्या कंपासमध्ये छोटा पंखा बसवावा लागला. मांडीवरच्या संगणकाच्या पंख्याचा एक आद्य पूर्वज असा पृथ्वीबाहेर कामाला लागला. त्याला तिथं सबळ कारण होतं, एवढं लक्षात ठेवायचं.

त्याच १९८३ मध्ये ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ नावाचं यंत्र निघालं. माझ्या मते या घराण्यातला सगळ्यात शहाणा पुरुष हाच. बांधणी जपानच्या क्योसेराची, विक्री अमेरिकेतल्या रेडिओ शॅकची, आतल्या सॉफ्टवेअरचा बराच भाग खुद्द बिल गेट्सनं लिहिलेला. रिमोटला किंवा भिंतीवरच्या घड्याळाला घालतो तसे पेन्सिल सेल चार टाकायचे, की साधारण २० तास निघायचे. हिशेब केला तर खर्च एका वॅटहून कमी. पंखा नाही, आवाज नाही. पडद्यावर फक्त आठ ओळी मावत, पण बातमीदारांना आठ ओळी पुरत. सामन्याच्या मैदानातून नाहीतर दंगलीच्या गावातून मजकूर टाइप करून टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवणारी एक अख्खी पिढी या यंत्रावर घडली.

मग हा वंश पुढे का चालला नाही? कारण लोकांना फिरता संगणक नको होता, टेबलावरचाच संगणक फिरता हवा होता. कचेरीतल्या पीसीवर जे चालतं ते सगळं, तसंच्या तसं, मांडीवर. इथं घराण्यानं वळण घेतलं आणि ते महागात पडलं.

टेबलावरच्या संगणकाला विजेची ददात नसते. भिंतीतून हवी तेवढी येते. १९९३ मध्ये इंटेलचा पेंटियम आला. त्याचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. हा चिप पाच व्होल्टवर चाले आणि भर कामात १५ वॅटच्या आसपास वीज खाई. पाठीवर उष्णताशोषक आणि वर पंखा हे त्याच्यापासून रोजचं झालं. पुढच्या वर्षी ३.३ व्होल्टची आवृत्ती निघाली, आणि हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. चिपला लागणारी वीज व्होल्टच्या वर्गाच्या पटीत बदलते. पाचाचे ३.३ केले की तेवढ्याच वेगाला निम्म्याहूनही कमी वीज पुरते. त्यानंतरच पेंटियमला मांडीवर बसवायचं धाडस झालं. पण वाचलेली वीज बॅटरीच्या पदरात पडली नाही, ती वेग वाढवण्यात गेली.

बॅटरीचंही तेच झालं. १९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये गाडीत असते तसली शिसं-आम्लाची बॅटरी होती. दहा तास चाले, पण यंत्र सात किलोंवर गेलं. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन सेल बाजारात आणला. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना त्याबद्दल २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिशाच्या तुलनेत तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वीज मावू लागली. आता लॅपटॉप दोन-दोन दिवस चालायला हवे होते. चालले दोन-तीन तास. जी मिळकत झाली ती आणखी वेगवान चिपनं आणि आणखी बारीक अंगानं वाटून घेतली.

दुरुस्तीच्या दुकानात, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो नाहीतर आपल्या गल्लीतलं, लॅपटॉप उघडलेला असताना जरा वाकून पाहावं. खालचं झाकण निघालं की चिपवरून निघालेली एक चपटी तांब्याची नळी दिसते. ती कडेच्या पंख्यापर्यंत जाते आणि तिच्या टोकाला कागदासारखे पातळ पत्रे दाटीनं उभे असतात. नळी भरीव वाटते, पण आतून पोकळ असते आणि तिच्यात चिमूटभर पाणी असतं. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं, तसंच इथं चालतं. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला तिचं परत पाणी होतं आणि आतल्या खरबरीत अस्तरातून ते मागं झिरपतं. ही नळी १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरनं नव्यानं शोधली, तीही अंतराळातल्या यंत्रांच्या कामासाठी. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलरनं तिचं पेटंट त्याआधी वीस वर्षं घेऊन ठेवलं होतं. कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

कारागीर पंखा काढतो तेव्हा खरा गुन्हेगार दिसतो. पत्र्यांच्या आतल्या, पंख्याकडे असलेल्या बाजूला धुळीचा आणि केसांचा जाड थर बसलेला असतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट आत जातो. चिपवरची करडी पेस्ट वाळून तिची भुकटी झालेली असते. त्यात आपला उन्हाळा. चिपला साधारण शंभर अंशांपर्यंत तापायची मुभा असते. बाहेर २५ अंश असतील तर फरक ७५ चा. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ वर असला की फरक उरतो ५५ चा, आणि उष्णता वाहते ती या फरकाच्या जोरावर. तोच पंखा, तोच वेग, पण काम पाऊण भागच. उरलेल्या पावासाठी पंखा आणखी जोरात फिरतो.

आणि जोरात फिरण्याची शिक्षा जबर आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट होतो, पण त्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलनं वाढतो. शिवाय तो आवाज साधा नसतो. तीस पात्यांचा पंखा मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर पाती सेकंदाला अडीच हजार वेळा एकाच जागेवरून जातात, म्हणून अडीच हजार हर्ट्झचा एक सूर लागतो. माणसाचा कान सर्वात तिखट असतो तो दोन ते पाच हजारांच्या दरम्यान, म्हणजे नेमका तिथंच! मोठा वारा सहन होतो, हा बारीक सूर होत नाही. २०१२ च्या मॅकबुक प्रोमध्ये ॲपलनं पात्यांमधलं अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवलं, म्हणजे एकच सूर न लागता आवाज पसरतो. उपाय सुरेख होता, पण होता तो सुरावरचा. उष्णता होती तेवढीच राहिली.

उष्णतेच्या मुळाशी जायची वेळ तोवर येऊन गेली होती. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनं १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर जसा लहान कराल तसा त्याचा व्होल्टही उतरवता येतो, म्हणजे तेवढ्याच जागेत कितीही दाटी केली तरी ताप वाढत नाही. तीस वर्षं या एका सवलतीवर सगळा धंदा चालला. मग व्होल्ट एकच्या आसपास येऊन अडकला. त्याखाली गेलं तर बंद ट्रान्झिस्टरातूनही वीज गळते. इंटेलच्या पॅट गेल्सिंगरनं २००१ मध्ये एका परिषदेत आलेख मांडून सांगितलं, असंच चालू राहिलं तर चिपचा ताप अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या तोंडाच्या पंक्तीला जाऊन बसेल. त्याच काळात दुकानात आपण काय विचारत होतो? ‘किती मेगाहर्ट्झ?’ जाहिरातीत आकडा मोठा हवा म्हणून काही कंपन्यांनी टेबलावरचा पेंटियम ४ उचलून थेट लॅपटॉपमध्ये कोंबला. या पापात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे.

सुटकेचा पहिला रस्ता हैफाहून आला. इंटेलच्या इस्रायलमधल्या गटानं जुन्या पेंटियम ३ च्या घडणीवर नवा चिप रचला. पेंटियम एम हे त्याचं नाव, आणि मार्च २००३ मध्ये ‘सेंट्रिनो’ या पाटीखाली तो विकायला आला. आकडा लहान, काम तेवढंच किंवा जास्त, वीज कमी. लॅपटॉपसाठी म्हणून मुळापासून विचार केला तर काय होतं, हे त्यानं दाखवून दिलं.

दुसरा रस्ता लॅपटॉपचा विचार न करताच निघाला होता. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःचा प्रोसेसर रचला. कंपनीकडे पैसा बेताचा. सिरॅमिकची वेष्टनं महाग, प्लॅस्टिकची स्वस्त; पण प्लॅस्टिकला ताप सोसत नाही. म्हणून चिप एक वॅटच्या आत ठेवायचा, एवढंच धोरण. किती वीज लागेल हे नेमकं मोजायची साधनं नव्हती, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर हात आखडता घेतला. २६ एप्रिल १९८५ ला पहिला चिप हाती आला, पाटीवर बसवला, चालला. फर्बरनं वीज मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर. शोधल्यावर कळलं, पाटीवरची चिपची वीजजोडणीच तुटलेली होती. आजूबाजूच्या सिग्नलच्या तारांतून गळून येणाऱ्या विजेवर चिप बिनदिक्कत चालत होता. हा पहिला एआरएम. काटकसर गरिबीतून आली होती, पर्यावरणाच्या किंवा बॅटरीच्या कळवळ्यानं नव्हे.

हे कूळ मोबाइल फोनमध्ये वाढलं, कारण खिशात पंखा ठेवता येत नाही. एआरएमच्या घडणीवर अर्ध्या वॅटचा स्ट्राँगएआरएम रचणारा डॅन डॉबरपूल पुढे पी. ए. सेमी ही कंपनी काढून बसला. ती ॲपलनं २००८ मध्ये विकत घेतली. फोनचे चिप रचता रचता २०२० च्या नोव्हेंबरात एम१ निघाला. त्या वर्षी मॅकबुक एअर दोनदा आला. वसंतात आलेल्या एअरमध्ये इंटेलचा चिप, एक पंखा आणि ४९.९ वॅट-अवरची बॅटरी. कंपनीचा दावा वेब पाहत ११ तासांचा. नोव्हेंबरच्या एअरमध्ये एम१, पंखा नाही, बॅटरी तीच ४९.९ ची, दावा १५ तासांचा. बॅटरी एका कणानं वाढली नव्हती.

ती फारशी वाढणारही नाही. विमानात सोबत न्यायच्या बॅटरीवर १०० वॅट-अवरची मर्यादा आहे, त्यावर गेलात तर विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही नव्व्याण्णवच्या घरात थांबते. तास वाढवायचे तर खर्चच कमी करायला हवा. २०२४ मध्ये विंडोजच्या लॅपटॉपांतही क्वालकॉमचे नवे एआरएम चिप आले आणि इंटेलनं मेमरी चिपच्याच पुडक्यात घालून आपला लूनर लेक काढला; तोही काटकसरी, पण एआरएमच्या कुळातला नव्हे. म्हणजे सगळं श्रेय एकट्या एआरएमला देण्यातही अर्थ नाही. आणि बिनपंख्याच्या एअरवर तासभर व्हिडिओ एडिट करून पाहा. तो आवाज करत नाही, पण तापला की मुकाट्यानं वेग कमी करतो.

ज्यांना वेग सोडायचा नाही त्यांच्यासाठी पंख्याचा नवा वारस २०२२ च्या डिसेंबरात जाहीर झाला. कॅलिफोर्नियातल्या फ्रोर सिस्टिम्सच्या ‘एअरजेट’मध्ये पाती नाहीत. आत पातळ पापुद्रे कानाला न ऐकू येणाऱ्या गतीनं थरथरतात आणि हवेचे फवारे चिपवर मारतात. जाडी तीन मिलिमीटरपेक्षा कमी. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे त्यातला छोटा तुकडा सव्वापाच वॅट उष्णता बाहेर काढतो आणि त्यासाठी स्वतः एक वॅट वीज घेतो. ती अर्थात बॅटरीतूनच.