कॅनडा आणि क्यूबा : न मोडलेला व्यवहार

राष्ट्राराष्ट्रांतील संबंध स्नेहावर टिकतात की स्वार्थावर, हा प्रश्न जुनाच आहे. कॅनडा आणि क्यूबा यांच्या संबंधांचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. एक देश उत्तर ध्रुवाकडे पसरलेला, हिमाच्छादित. दुसरा कॅरिबियन समुद्रातील ऊस आणि तंबाखू पिकविणारे बेट. दोहोंच्या मध्ये अमेरिकेची संयुक्त संस्थाने. या बलाढ्य शेजाऱ्याच्या सावलीत राहूनच दोघांना आपला मार्ग शोधावा लागला.

या संबंधांचा आरंभ झाला तो माशांच्या व्यापारातून. १८व्या शतकात उत्तरेकडील गलबते खारवलेले कॉड मासे घेऊन क्यूबाकडे जात आणि परतताना साखर व रम आणीत. कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या अन्नात असाच खारा मासा असे. या व्यापाराची ही काळी बाजू विसरता येत नाही. पुढे स्पेनची सत्ता संपुष्टात आली आणि १८९९ मध्ये हॅलिफॅक्सच्या एका बँकेने हवाना येथे शाखा उघडली. हीच बँक नंतर रॉयल बँक ऑफ कॅनडा या नावाने प्रसिद्धीस आली. १९४५ मध्ये उभय देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले.

खरी कसोटी लागली ती १९५९ च्या क्रांतीनंतर. ऑक्टोबर १९६० मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. त्यातून रॉयल बँक आणि बँक ऑफ नोव्हा स्कोशिया या दोन कॅनडियन बँका मात्र वगळल्या गेल्या. ही काही उदारता नव्हती. परदेशी व्यापारासाठी क्यूबाला बाहेरच्या जगाकडे उघडणारे एक दार हवे होते. त्या वर्षाअखेर या बँकांनी आपला व्यवसाय क्यूबाच्या राष्ट्रीय बँकेस रीतसर विकला.

जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी संबंध तोडले. अमेरिका खंडातील राष्ट्रांच्या संघटनेने १९६४ मध्ये आपल्या सभासदांना तसेच करण्यास सांगितले. मेक्सिकोने ते मानले नाही. कॅनडा तर त्या संघटनेचा सभासदच नव्हता. पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्या सरकारने हवानातील वकिलात चालू ठेवली होती. एखाद्या सरकारशी संबंध ठेवणे म्हणजे त्याच्या धोरणास संमती देणे नव्हे, अशी ही भूमिका होती. तिलाही मर्यादा होत्या. युद्धोपयोगी माल क्यूबास जाऊ दिला जात नसे, आणि अमेरिकन माल कॅनडामार्गे तेथे पोचविण्यासही बंदी होती.

जानेवारी १९७६ मध्ये पंतप्रधान पिएर त्रूदो हवानास गेले. क्रांतीनंतर नाटो गटातील सरकारप्रमुखाची ती पहिलीच भेट. परंतु अंगोलातील क्यूबन सैन्यावरून मतभेद तीव्र झाले आणि १९७८ मध्ये कॅनडाने आर्थिक साहाय्य थांबविले. वकिलाती मात्र उघड्याच राहिल्या. १९९४ मध्ये शेरिट या कॅनडियन कंपनीने क्यूबा सरकारशी भागीदारी केली. मोआ येथील खाणींतील निकेल शुद्धीकरणासाठी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात जाऊ लागले. १९९६ मध्ये अमेरिकेने अशा परकीय कंपन्यांवर दावे लावण्याची सोय करणारा कायदा केला. त्याच वर्षी कॅनडाने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून त्या निवाड्यांपासून स्वतःच्या कंपन्यांना संरक्षण दिले.

या धोरणाने क्यूबाची राज्यपद्धती बदलली काय? तसे म्हणता येणार नाही. १९९८ मध्ये पंतप्रधान ज्याँ क्रेत्येँ यांनी हवानात राजकीय बंदिवानांचा प्रश्न मांडला. पुढच्याच वर्षी सरकारच्या चार टीकाकारांना कारावासाची शिक्षा झाली. बोलणी चालू ठेवल्याने प्रतिपक्ष बदलतोच असे नाही. परंतु बोलावे की न बोलावे, हा निर्णय कॅनडाने दुसऱ्यावर सोपविला नाही. राष्ट्राचे स्वातंत्र्य केवळ ध्वजात नसते. कोणाशी व्यवहार ठेवावा हे स्वतः ठरविण्याच्या अधिकारातही ते असते. त्या अधिकाराची किंमत कॅनडाने मोजली आणि त्याचा लाभही घेतला. स्नेह आणि स्वार्थ यांचा हा मेळ निर्दोष नव्हता, पण टिकाऊ ठरला.