हालत्या चित्रांची काटकसर

संगणकाच्या पडद्यावर हालणाऱ्या चिमुकल्या चित्रांचा इतिहास हा मुख्यतः काटकसरीचा इतिहास आहे. १९८७ सालीं अमेरिकेंतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीनें 'जिफ' पद्धति काढली, तेव्हां टेलिफोनच्या तारेंतून एक चित्र येण्यास मिनिटें लागत आणि ग्राहकास तासांवर पैसे मोजावे लागत. म्हणून स्टीव्ह विल्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रंग २५६ वर बांधून टाकले, आणि लेम्पेल, झिव्ह व वेल्च यांची युक्ति घेतली: रंगबिंदूंची जी ओळ एकदां येऊन गेली, ती पुनः न लिहितां तिचा नुसता क्रमांक लिहावयाचा.

१९८९ च्या सुधारणेनें प्रत्येक चौकटीस कालावधि व पारदर्शक रंग मिळाला. पिंजऱ्यांतील पोपट मान हलवितो असें समजा. पिंजरा आणि भिंत पुनःपुन्हां कशाला पाठवावयाची? पहिली चौकट पुरी द्यावी, पुढें मानेपुरताच तुकडा. त्यांतही न बदललेले बिंदु पारदर्शक केले कीं एकसारखे होऊन ते आणखी आटतात. सर्व युक्त्यांत मला ही शहाणपणाची वाटते. ठिपके मिसळून खोट्या छटा आणण्याच्या हौसेनें मात्र फाइल फुगते.

परंतु या काटकसरीवरच मालकी होती! १९९४ च्या डिसेंबरांत युनिसिस कंपनीनें पेटंटाचें शुल्क मागितलें आणि एकच गिल्ला झाला. त्यांतून १९९६ सालीं पीएनजी पद्धति पुढें आली. सरस, पण स्थिर. हालत्या चित्रांसाठीं लोक जिफलाच चिकटून राहिले. अमेरिकेंतील तें पेटंट २००३ च्या जूनमध्यें संपलें.